भिंतीतले मीठ

घरबांधणी हा विषय वास्तविक स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यावर लिहावे, याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु गेली तीन वर्षे उत्तनला आमच्या घराच्या आतल्या कामात मी हाती थापी धरली आहे. त्या कामात झालेली एक चूक आणि तिने शिकवलेला धडा येथे सांगतो.

उत्तन हे भाईंदरच्या पश्चिमेला, थेट समुद्राला लागलेले कोळ्यांचे गाव. आमचा धंदा मासेमारीचा. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला आणि गाठीचे पैसे संपले. आतले काम घरच्या माणसांनीच करावे असे ठरले. हात मोकळे असतात ते पावसाळ्यातील मासेमारीबंदीत. तेव्हा भर आषाढात आम्ही गिलाव्याला हात घातला.

दादाच्या खोलीत रेती कमी पडली. लाज वाटते, पण लिहितो : किनाऱ्यावरची चार पोती वाळू आम्ही त्यात मिसळली. तेथील वाळू उचलणे हा मुळात गुन्हाच. पण त्या वेळी पैसे वाचल्याचाच आनंद झाला. आजी तेवढी म्हणाली, “आषाढात मिठाची बरणी पाझरते, तशी तुमची भिंत पाझरेल.” आम्ही हसलो. दिवाळीला भिंत कोरडी दिसली, तिला झकास तैलरंग दिला.

पुढच्या जूनमध्ये रंगाला फोड आले. बोट लावताच पापुद्रे सुटत आणि खाली पांढरी भुकटी दिसे. भिंतीला लोणा लागला होता! दादाचे लग्न जानेवारीत ठरलेले. बाबांना वाटले, स्लॅब गळतो. त्यांनी पैसे उसने घेऊन वर गिलाव्याचा नवा थर दिला. भिंत ओलीच राहिली, कारण पाणी वरून येतच नव्हते.

मग ते येत होते कोठून? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, क्षार वाळूच्या कणांवर राहतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून स्वतः विरघळते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता याहून वर जाते. म्हणून छप्पर न गळताही भिंत घामेजते. हवा कोरडी झाली की मिठाचे पुन्हा स्फटिक बनतात आणि वाढता वाढता गिलावा व रंग उचलून फेकतात. सळईपर्यंत मीठ पोहोचले तर लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटलाही तडे जातात. आजीचे बरणीचे शास्त्र अक्षरशः खरे होते.

पुढे मला असे आढळले की, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात हेच सांगून ठेवले आहे : समुद्राच्या वाळूतून क्षार बाहेर येतात आणि गिलावा बिघडवतात. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली गोष्ट आम्ही पैसे मोजून पुन्हा शिकलो!

पावसाळा सरल्यावर आम्ही तो गिलावा विटेपर्यंत खरवडला, भिंत ब्रशने झाडली आणि काही आठवडे उघडी ठेवली. नंतरचे काम मात्र क्रमाने केले. घर स्वतः पूर्ण करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

प्रथम नळ व विजेच्या नळ्या भिंतीत बसवाव्यात. नळांत पाणी भरून एक दिवस ठेवावे; गळती नसेल तरच खाचा बुजवाव्यात. गिलावा आधी छताला, मग भिंतींना, आणि फरशी शेवटी. रेती धुतलेली किंवा दगडाची कच असावी. चिमूटभर जिभेवर ठेवली तर खारटपणा तेथेच कळतो. आतला गिलावा अर्ध्या इंचाचा पुरतो. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. मोरीच्या फरशीला फुटामागे पाव इंच उतार द्यावा.

आणि मग थांबावे. हेच सर्वांत अवघड. भिंत वरून कोरडी दिसते, पण आत पाणी असते. तिच्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी भिंतीकडील बाजूस थेंब दिसले तर रंगाचा डबा उघडू नये. तैलरंग भिंतीचे तोंड बंद करतो. चुन्याची सफेदी आतल्या ओलाव्याला बाहेर पडू देते. शिवाय चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो.

जानेवारीत दादाचे लग्न झाले, तेव्हा त्या खोलीला फक्त चुना होता. पाहुण्यांपैकी कोणी म्हणाले, “रंग राहिला वाटते?” बाबा म्हणाले, “राहिला नाही, ठेवला आहे.” यंदा आषाढात आजीने त्या भिंतीवर तळहात टेकला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “कोरडी आहे. आता वहिनीला कपाट लावू दे.”