राजपत्रात छापले म्हणून अटळ?

प्रश्न : नगरपरिषदेने उपविधी करून नवे शुल्क लावले. ते राजपत्रात आल्याने न्यायालयही हात लावू शकत नाही, हे खरे का?

उत्तर : नाही, काळजी नको. राजपत्रामुळे उपविधी अमलात येतो, निर्दोष ठरत नाही. तो मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारात बसावा लागतो. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाचे विकास शुल्क सर्वोच्च न्यायालयात १९९२ मध्ये टिकले नाही, कारण कायद्यात तशी स्पष्ट तरतूदच नव्हती. व्यापक उद्दिष्टांतून वसुलीचा अधिकार ओढूनताणून काढता येत नाही. नियम विधिमंडळापुढे ठेवला होता, हा बचावही अपुराच. म्हणून उपविधीला कोणत्या कलमाचा आधार आहे ते पाहा, लेखी हरकत द्या. मग संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. मात्र शुल्क जड वाटते एवढ्यावर भागणार नाही. निकालापर्यंत उपविधी वैध धरला जातो, तेव्हा निषेध नोंदवून पैसे भरलेले बरे.