सॉर्टेक्सवरचा माणूस

नवं सॉर्टेक्स बसवलंस, नारळ फोडलास, बरं झालं. मशीनची गॅरंटी कंपनीनं लिहून दिली असेल. ते चालवणाऱ्या पोराची कोण देतं? म्हणून काका चार गोष्टी सांगतो, त्या ऐकून ठेव.

कलबुर्गीत डाळमिल टाकणारा जो तो तुरीचा भाव, बारदाना आणि वीजबिल यांचा हिशोब मांडतो. २०१९ साली आपल्या तुरीला जीआय मिळाला त्याचाही मोठेपणा सांगतो. पण पोत्यात काय जातं, ते सॉर्टेक्सवर ठरतं. डाळ घसरत खाली येते, कॅमेरा काळा दाणा टिपतो, हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. एवढं मशीन करतं. डाग किती चालवायचा, हे मात्र माणूस ठरवतो. सेटिंग कडक झालं तर चांगली डाळ रिजेक्शनमध्ये जाते, सैल झालं तर काळा दाणा पोत्यात जातो आणि व्यापारी भाव पाडतो. पावसात भिजलेल्या तुरीचा लॉट आला की सगळं नव्यानं बघावं लागतं. असा डोळा तयार व्हायला हंगाम जावे लागतात, आणि तो तयार झाला की लातूर-उदगीरच्या मिलवाल्यांकडे त्या पोराचा नंबर आपोआप पोचतो.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेटर हंगामात जात नाही. तूर डिसेंबरात यायला लागते, तेव्हा मिल रात्रंदिवस चालते, ओव्हरटाइम मिळतो, मालक चहा विचारतो. तो जातो आषाढ-श्रावणात, मिल थंडावल्यावर. तेव्हा आपण म्हणतो, काम नाही, अर्ध्या पगारावर थांब. नाहीतर त्याला बारदाना मोजायला बसवतो. ज्याच्या हातात लाखोंचं मशीन दिलं, त्याला पोती मोजायला लावायची? तो तिथेच मनातून गेलेला असतो, तुला कळतं मार्गशीर्षात. म्हणून थंड महिन्यांचा पगार पुरा दे. कंप्रेसर खोलून साफ करायचा, फिल्टर बदलायचे, गेल्या हंगामातल्या सेटिंगची वही लिहून काढायची, ही कामं त्याचीच आहेत. कंपनी ट्रेनिंग ठेवत असेल तर त्याला पाठव. शिकून दुसरीकडे जाईल म्हणून घाबरू नकोस. न शिकलेलाही जातोच.

हाताखाली दुसरा पोरगा दे, पण पहिल्याला आधी बोलावून सांग आणि शिकवण्याचे पैसे वेगळे दे. न सांगता दिलास तर त्याला वाटेल, मालक आपली बदली तयार करतोय.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मिल बंद ठेव. नेमकी तुरीची आवक सुरू व्हायच्या दिवसांत ती येते हे मलाही ठाऊक आहे. पण आळंद, भालकी, औरादकडचा पोरगा त्या दिवशी शेतात भज्जी-आंबील सोडून तुझ्या कॅमेऱ्यापुढे बसला, तर घरचे त्याला वर्षभर ऐकवतात. शरणबसवेश्वराची जत्रा आणि बंदेनवाजांचा उरूस यांच्या सुट्ट्याही आधीच पाटीवर लाव.

मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भर, असल्या बाँडच्या भानगडीत पडू नकोस. २०२५ साली सुप्रीम कोर्टानं विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला, म्हणून गावोगावचे मालक खूश झालेत. ती सरकारी बँक होती. तिला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखत असा खर्चाचा व्याप असायचा. तू तर ओळखीनं पोरगा उचललास. मूळ मार्क्स कार्ड कपाटात अडकवून ठेवलंस तर माणूस हजेरी लावेल, डाळीकडे बघणार नाही.

त्यापेक्षा ईएसआय नियमानं भर. दहा माणसं झाली की ते लागू होतं, २१,००० पर्यंतच्या पगाराला. सेडम रोडचं ईएसआय हॉस्पिटल आपल्याच गावात आहे, तिथे त्याच्या अवलंबून असलेल्या आईबापाचाही इलाज होतो. आईचं ऑपरेशन तिथे झालेला पोरगा हजार-दोन हजार जास्त मिळतात म्हणून उदगीरला जाताना दोनदा विचार करतो. नुसती पगारवाढ हे काम करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. २०१२ च्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (जे) आलं, आपल्या भागातल्यांना सरकारी नोकरीत राखीव जागा मिळाल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या आयटीआय-डिप्लोमावाल्याचा एक डोळा सरकारी भरतीवर असतो. त्यात त्याचं काय चुकलं? परीक्षेला सुट्टी दे. दिलीस तर निकाल लागायच्या आधी तुला सांगेल. न दिलीस तर आजारी पडल्याचा फोन येईल आणि नंतर फोनच बंद होईल.

अंगठ्याचं मशीन लावलंयस. दहा मिनिटांच्या उशिराला अर्धा दिवस कापणार असशील, तर रात्री दोन तास जास्त थांबला ते त्याच मशीनमध्ये दिसतात का, तेही बघ. बिघाड झाला की हमालांसमोर ‘कुणी केलं’ विचारू नकोस. आधी मशीन चालू होऊ दे.

एवढं करूनही कोणी गेलाच तर त्याचा हिशोब आणि पीएफचे कागद अडकवू नकोस, पुढच्या हंगामात तोच परत यायला तयार असतो. आणि पगार बँकेचा हप्ता भरायच्या आधी काढ, नंतर नाही.