बुरख्यावर सरकारने बंदी घालावी का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला कॉलेजात बुरखा घालून जाते. कॉलेज मनाई करू शकतं का? की सरकारच बंदी आणणार?
– एक पालक, पेठ (जि. नाशिक)

उत्तर : महाराष्ट्रात सरसकट बंदीचा कायदा नाही. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी, बॅजवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. तेव्हा वर्गात फक्त हिजाब ठेवण्याबद्दल प्राचार्यांशी बोला. परीक्षेत ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागू शकतो. तपासणी महिला कर्मचाऱ्याने करावी, अशी लेखी विनंती आधीच द्या.

फ्रान्सने २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर कायद्याने बंदी घातली. तशी बंदी मला इथे अयोग्य वाटते. दंडाच्या भीतीने काही मुलींचं शिक्षणच सुटेल. सक्ती घरचीही नको, सरकारचीही नको.