दुर्बिणीचा स्टँड आधी बघ

पुणे

चि. सोनूस,


बक्षिसाच्या पैशातून दुर्बीण घ्यायचं ठरवलंस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. तू पाठवलेल्या जाहिरातीत ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं ठळक छापलंय. त्या आकड्याला भुलू नकोस. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीला ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १७५ पट होतात आणि मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की ५२५. हिशोब बरोबर आहे, पण पुढचं भिंग ७० मिलिमीटरचंच राहतं. त्याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे १४० पटींच्या पुढे, चित्र नुसतं मोठं आणि अंधूक होत जातं. तुला २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका पुरतील. त्यांतून २८ आणि ७० पट मिळतात. आखूड नळी मात्र घेऊ नकोस, तिच्यात चंद्राच्या कडेला जांभळी झालर जास्त दिसते.

खरी पारख स्टँडची. स्वस्त दुर्बिणींचे पाय इतके बारीक असतात की फोकस फिरवायला हात लावला तरी गुरू डोळ्यासमोरून पळतो. दुकानात नळीला हलकी टिचकी मार. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिरावलं नाही, तर ती दुर्बीण परत ठेव. घरी पाय पूर्ण लांबवू नकोस. स्टुलावर बसून बघ आणि स्टँडच्या मध्ये वाळूची पिशवी टांग.

तुमच्या अंकुशनगरला एक अडचण आहे. दिवाळीनंतर आभाळ निवळतं आणि नेमका तेव्हाच साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. यार्डातले दिवे आणि चिमणीचा धूर टाळायला कारखान्याकडे पाठ करून बस. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री त्याच्या उबेनं चित्र थरथरतं, म्हणून मळ्यातली मोकळी जागा बरी. दुर्बीण बाहेर काढून अर्धा तास निवू दे, मगच बघ. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख भिंगावर बसेल. ती खरखरीत असते, रुमालानं पुसलीस तर कायमचे ओरखडे पडतील. रबरी फुग्याच्या हवेनं उडव. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, तेव्हा दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद ठेव.

फाइंडर, म्हणजे नळीवरची छोटी दुर्बीण, दिवसाच जुळवून घे. लांबून कारखान्याच्या चिमणीचं टोक दोन्हींत मधोमध आण, पण सूर्य त्या बाजूला नसताना. आणि हे नीट ऐक: सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही. नेत्रिकेवर बसवायचा काळा फिल्टर सोबत आला, तर तो फेकून दे. उष्णतेनं तो तडकतो आणि डोळा क्षणात जातो. धाकट्याच्या हाती दिवसा दुर्बीण एकटी सोडू नकोस.

चंद्र पौर्णिमेला बघायचा नाही, तेव्हा सावल्याच नसतात. शुद्ध नवमी-दशमीला बघ. दक्षिणेकडचं टायको विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंदीचं आहे, जालना आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही त्यात मावतील. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं, ते चंद्रावर असतं तर तुझ्या दुर्बिणीला दिसलंही नसतं. गुरूचे चार चंद्र २८ पटींत दिसतात. वहीत रोज त्यांच्या जागा टिपत जा. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळजवळ कडेनं दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील.

एप्रिल-मेमध्ये, लग्नसराईत, सप्तर्षी उत्तरेच्या आकाशात उंच येतात. नवऱ्यामुलीला दाखवतात ती अरुंधती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. तू ७० पटींत तिच्या शेजारच्या वसिष्ठाकडे बघ. तो स्वतःच दोन ताऱ्यांचा दिसतो, आणि मला तरी आकाशातली ही जोडी सगळ्यांत आवडते.

घाई नको. सुट्टीत इकडे ये, १९४४ पासून चालू असलेल्या इथल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊ, आधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून बघ. आणि पैसे देण्याआधी भिंगाचा व्यास, नाभीय अंतर आणि स्टँडचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा