क्षयाचा जंतू, त्याची प्रथिने आणि शरीरातील दाह

आमच्या क्षयरोग विभागात रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : महिन्याभरात ताप गेला, भूक लागू लागली, मग सहा महिने गोळ्या कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी जंतू आणि शरीराच्या पेशी यांच्यातील व्यवहार पाहावा लागतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. पटकीच्या जंतूप्रमाणे विष सोडून रोग निर्माण करणे ही त्याची मुख्य रीत नव्हे. श्वासावाटे तो फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात. त्याच्या आवरणातील स्निग्धयुक्त प्रथिने या पेशींवरील 'टीएलआर-२' नावाच्या ग्राहकांना चिकटतात. तेथून निरोप आत जातो, 'एनएफ-कप्पा-बी' हा घटक पेशीकेंद्रात शिरतो आणि दाह निर्माण करणारी जनुके जागी होतात. त्यांतून 'टीएनएफ' हे द्रव्य बाहेर पडते. ताप, मंदावलेली भूक, घटणारे वजन यांत त्याचा मोठा वाटा असतो. दीर्घकाळच्या दाहाने फुप्फुसात पोकळीही पडते. म्हणजे रुग्णाला जो त्रास जाणवतो, तो बराचसा त्याच्याच शरीराने केलेल्या प्रतिकाराचा असतो.

'ईसॅट-६' हे या जंतूचे आणखी एक प्रथिन. पेशीने जंतूला ज्या पिशवीत कोंडलेले असते, तिचा पडदा फाडण्याच्या कामी ते येते. बीसीजी लशीच्या जंतूत ते नसते. म्हणूनच या प्रथिनावर आधारलेल्या चाचण्या लस टोचलेल्या व्यक्तीतही खरा संसर्ग ओळखू शकतात. जुन्या मॅन्टू चाचणीला हे नीट साधत नाही.

मग हा दाह औषधाने दाबूनच का टाकू नये? संधिवातासाठी 'टीएनएफ' रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उफाळून आल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. जंतूंभोवती पेशींचे जे कडे तयार होते, ते याच द्रव्याच्या बळावर टिकते. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात मात्र डॉक्टर स्टेरॉइड देतात, तेही क्षयाच्या औषधांसोबतच.

आता मूळ प्रश्न. पहिल्या काही आठवड्यांत वेगाने वाढणारे बहुतेक जंतू मरतात, निरोप कमी होतात, दाह ओसरतो आणि ताप उतरतो. मंदगतीने जगणारे थोडे जंतू मात्र मागे राहतात. ते ताप आणत नाहीत, त्यामुळे घरात कोणाला त्यांची चाहूल लागत नाही. उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या त्यांच्यासाठी असतात.