गिरणीवाला हॅझर्ड

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचे एक लहानसे राज्य आहे. तिथे पीस डेल गावात हॅझर्ड घराण्याची लोकरीच्या कापडाची गिरणी होती. या घराण्यात १८०१ साली रोलंड हॅझर्डचा जन्म झाला. मोठेपणी तो भावाबरोबर गिरणी पाहू लागला.

गिरणीत जाडेभरडे, स्वस्त कापड निघे. ते घेई कोण? अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे आणि उसाचे मोठे मळे होते. त्यांवर काळे लोक गुलाम म्हणून राबत. गुलाम म्हणजे विकत घेतलेला माणूस. त्याला मजुरी नाही, सोडून जायची सोय नाही. त्याची लेकरंसुद्धा मालकाची. या गुलामांच्या कपड्यांसाठी मळेवाले हे कापड घेत. म्हणजे हॅझर्डच्या घरची चूल गुलामांच्या घामावरच पेटत होती.

माल खपवायला हॅझर्ड हिवाळ्यात दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स बंदरात जाई. १८४१ साली तिथे त्याच्या कानावर एक गोष्ट आली. उत्तरेकडून जहाजांवर आलेले काही काळे खलाशी तुरुंगात खितपत पडले होते. ते कुणाचे गुलाम नव्हते. त्यांनी चोरी केली नव्हती, मारामारी केली नव्हती. मग तुरुंगात का?

तिथली रीतच तशी होती. काळ्या माणसाने आपण मोकळे आहोत, हे सिद्ध करायचे. पुरावा नसला, तर त्याला पळून आलेला गुलाम समजत. पायांत साखळी घालून सरकारी कामाला जुंपत. तोंडानं कितीही सांगा, ऐकतो कोण?

हॅझर्डपुढे पेच पडला. बोलावे, तर गिऱ्हाईक तुटणार. गप्प बसावे, तर मन खाणार. तो गप्प बसला नाही. त्याने खटपट केली, चिकाटी सोडली नाही. अखेर अनेक माणसे सुटली.

पुढे १८५१ साली तो राज्याच्या विधानसभेत गेला. रेल्वे कंपनीच्या मनमानीविरुद्ध तो बोलला. गुलामगिरी पसरू नये, असे म्हणणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाला तो मिळाला. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. हॅझर्ड १८८८ साली वारला.

तो साधुसंत नव्हता. खलाशी सुटले, तरी त्याच्या गिरणीचा मळेवाल्यांशी व्यापार लगेच थांबला नाही. हेही खरं आणि तेही खरं. पण आपल्या धंद्याची झळ सोसायची वेळ आली, तेव्हा तो अन्याय पाहून पुढे निघून गेला नाही.

विचार करा आणि सांगा

१. खलाशांनी गुन्हा केला नव्हता, तरी ते तुरुंगात का पडले?
२. हॅझर्डने गप्प बसण्यात त्याचा काय फायदा होता?
३. तुमच्या घरातले महत्त्वाचे कागद कोणते? ते तुम्ही स्वतः वाचले आहेत का?