हिरण्यकेशीचे कुंड आणि आपली मुले

तीर्थाचे पाणी डोळ्यांना लावावे, मस्तकी घ्यावे, एवढे आपण मुलांना शिकवतो. ते पाणी येते कुठून आणि त्यात राहते कोण, हे मात्र सहसा सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळांतून शिकवलाच पाहिजे असे सांगितले. पुस्तके निघाली, परीक्षाही होतात. पण पुस्तकातले अरण्य बहुधा दूरदेशीचे. सिंधुदुर्गातल्या पोराला त्याची गरजच काय? सावंतवाडीहून घाट चढला की आंबोली.

तेथे हिरण्यकेशी नदी गुहेतून निघते आणि तिथेच महादेवाचे स्थान आहे. देवळापाशी कुंड आहे. तिथल्या पाण्यात तळाच्या दगडवाळूशी राहणारा एक लहानसा मासा अभ्यासकांना सापडला. २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व नदीवरूनच त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळाले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तेथील सुमारे २ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आता अशा कुंडात साबण लावून अंग धुतले, निर्माल्य, तेलकट द्रोण, पिशव्या टाकल्या, तर त्या जीवाने पळावे कुठे? कुणी म्हणेल, "बुवा, एवढ्याशा माशाचे काय घेऊन बसलात!" अहो, कीर्तनात भूतदया सांगताना आपण मुंगीचेच उदाहरण घेतो ना? तिथे कुठे आकार बघतो?

मुलांना कुंडाकाठी बसवून एकच प्रश्न विचारावा: हे पाणी जाते कुठे? मालवणचे मूल पटकन सांगेल, समुद्रात, आमच्याकडे. आपल्याकडचे व्हाळ पश्चिमेला धावतात, म्हणून त्याचे तसे वाटणे बरोबरच. पण हिरण्यकेशी पूर्वेला वळते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आणि पंढरीची चंद्रभागा, म्हणजे आपली भीमा, तीही पुढे कृष्णेलाच मिळते. म्हणजे आंबोलीचे पाणी आणि विठोबाच्या पायरीपासचे पाणी एकाच पात्रातून पूर्वसमुद्राला जाते. हे एकदा नकाशावर बोट फिरवून दाखवले की मूल जन्मात विसरत नाही. नुसत्या व्याख्या घोकून हे व्हायचे नाही.

पावसाळ्याच्या तोंडी नेले तर सडाही दाखवावा. जांभ्या दगडावर पाणी साचून उथळ डबकी होतात, त्यांत एक लहान भेक अंडी घालतो. अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. पावसाने मध्येच दडी मारली तर डबके आटते आणि सगळी वीण जाते. त्यावर गाडी घातली तर पाऊस असूनही जाते.

शिक्षकमंडळींना एक विनंती. पन्नास पोरांचा घोळका एकदम कुंडावर नेऊ नये. दहा-दहा न्यावीत, पाण्यात हात घालू देऊ नये, खाऊ वर रस्त्यावरच उरकावा. परत आल्यावर प्रत्येकाकडून वहीत आंबोलीपासून कृष्णेपर्यंतचा नकाशा काढून घ्यावा, आणि त्यात पंढरपूर कुठे येते ते त्यालाच शोधू द्यावे.